टप नसलेली हेराल्ड: कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार (दसरा)

दर दसऱ्याला काकांच्या गाडीला झेंडूची माळ पडते, पण ती ताडपत्रीवरूनच. आज ताडपत्री काढली. खाली १९६५ची स्टँडर्ड हेराल्ड. टप नाही, हूडच्या चिंध्या, चारही टायर जमिनीला चिकटलेले, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत मांजरीचं बाळंतपण होऊन गेल्याच्या खुणा. शेवटची चालली २००२ साली.

ताडपत्री निघायचं कारण भक्ती नव्हे, नोटीस. पार्ल्यातली आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. ३१ मेपर्यंत आवारातल्या ‘निकामी वस्तू’ हलवायच्या आहेत. काका शहाऐंशीचे. नोटीस दोनदा वाचून म्हणाले, “निकामी कोणाला म्हणतायत, मला की हिला?” भंगारवाला बघून गेला, अठरा हजार म्हणाला. जेवताना मी बोलून गेले, की मी करते नीट.

मी शाळेत गणित शिकवते. यंत्रांपैकी आजवर कुकरची रिंग आणि व्हॉल्व्ह एवढंच बदललं आहे.

आजचं काम: धूळ झटकणे, माळ घालणे, फोटो काढणे. फोटो एकशे चाळीस झाले. कामाचे निघाले पाच.

२० ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर रात्री मॅन्युअल वाचलं. नवशिक्याच्या नशिबाने गाडी बरी मिळाली आहे असं मत झालं.

हेराल्ड मूळची इंग्लंडची, ट्रायम्फची. १९५९ साली आली. आकार दिला इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीने. त्या काळात बाकीचे कारखाने अखंड पत्र्याच्या, वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नसलेल्या गाड्यांकडे वळले होते. पण कंपनीला गाड्यांची अंगं बनवून देणारी फिशर अँड लडलो १९५३ साली प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली, आणि एवढं मोठं अखंड अंग बनवून देणारं कोणी हाताशी राहिलं नाही. म्हणून यांनी जुनी पद्धत धरली: खाली चॅसिस, तिच्यावर वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले तुकडे बोल्टांनी जोडायचे. पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, टपसुद्धा वेगळा. आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९६१पासून ही गाडी जुळवायला घेतली, तेव्हा हेच तुकडे सोयीचे झाले असणार. कोणाची तरी सत्तर वर्षांपूर्वीची अडचण आज माझ्या कामी येते आहे. वेल्डिंग न तोडता, नुसत्या पान्याने मी निम्मी गाडी सुटी करू शकते.

बॉनेट उघडलं. हे मडगार्डांसकट अख्खं पुढे पालथं होतं. उघडं इंजिन, दोन्ही बाजूंना पुढची चाकं. चाकावर बसून काम करता येतं, स्टुलाची गरज नाही. बसले. अर्धा तास नुसतीच बसले होते, खरं सांगायचं तर.

२७ ऑक्टोबर, रविवार

घरातल्या मिलिमीटरच्या पान्यांनी पहिलाच बोल्ट खाल्ला. तेरा नंबरचा पाना बसतोय असं वाटलं, जोर लावला आणि कोपरे गोल झाले. या गाडीचे बोल्ट इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. मधल्या ०.३ मिलिमीटरने घात केला. दशांश चिन्ह चुकलं म्हणून मी पोरांचे मार्क कापते.

दुपारी नागदेवी स्ट्रीट. इंची पाने मागितल्यावर दुकानदाराने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मागे कोणी पुरुष आहे का तिकडे पाहिलं. सेट मिळाला. तीन सोळांश ते एक इंच, २,१०० रुपये. शिवाय एक सल्ला फुकट: “मॅडम, जाम बोल्टाला आधी घट्ट करायचं, मग सैल.” घरी येऊन करून पाहिलं. खरंच सुटतो. किंचित घट्ट फिरवला की गंज तडकतो, मग उलटा येतो.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत सीटा काढल्या, जमिनीवरची काथ्याची चटई काढली. चटईखाली डांबर होतं. ते खरवडायला घेतलं तर डांबराखालून ताडाचं झाड निघालं. हिरवं, पिवळ्या जमिनीवर. डालड्याचा डबा! कापून, ठोकून सपाट केलेला, कडेने अठरा रिव्हेट मारून ड्रायव्हरच्या पायाखालच्या भोकावर बसवलेला. काकांना फोटो दाखवला. “पाच किलोचा डबा होता,” म्हणाले. “पत्रा काय पत्रा होता तेव्हा डब्यांना.” अपराधी भाव कणभर नाही.

डब्याखालचा मूळ पत्रा मात्र पापडासारखा. हाताने तुकडे निघाले. तसं पाहिलं तर जमीन आणि दारांखालचे उंबरे या गाडीत भार घेत नाहीत, भार चॅसिस घेते. म्हणून गाडीखाली आडवी झाले आणि पेचकसने टोचत गेले. मधल्या दोन मुख्य पट्ट्या ठणठणीत. त्यांच्यापासून बाजूला निघणारे जे आडवे हात आहेत, ज्यांच्यावर अंग बोल्टांनी टेकलेलं असतं, त्यांपैकी डावीकडचे दोन पोकळ. पेचकस आरपार गेला आणि वाळूसारखा गंज तोंडावर आला. यापुढे चष्मा घातल्याशिवाय खाली जाणार नाही.

बावीस पावसाळे. गाडी शेडखाली होती, पण मुंबईची हवाच खारट आणि ओली. तिला पावसाची गरज नसते.

२४ नोव्हेंबर, रविवार

निवडणुकीची ड्यूटी, प्रशिक्षण, मतदान. दोन आठवडे गाडीला हात नाही. आज फक्त सुट्या भागांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या. आधीच लावायला हव्या होत्या. सात बोल्ट कुठले आहेत ते माहीत नाही. त्या पिशवीवर ‘अनाथ’ असं लिहिलं आहे.

८ डिसेंबर, रविवार

आज मोठा शोध लागला, आणि तो गाडीखाली नव्हे, गोदरेजच्या कपाटात.

पुढच्या काचेच्या चौकटीला वरच्या कडेने भोकं आहेत, लांबीने बुजवलेली. मागच्या अंगालाही तशीच. मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून पाहिलं. ही टप बसवायच्या बोल्टांची जागा. उघड्या गाडीला टपाचे बोल्ट कशाला? आर.सी. बुक मागितलं. काकूने कपाटाच्या लॉकरमधून काढून दिलं, पॉलिस्टरच्या साडीत गुंडाळलेलं. त्यात बॉडीच्या प्रकारापुढे स्वच्छ लिहिलंय: सलून. म्हणजे पक्क्या टपाची बंद गाडी.

म्हणजे आमच्या घराण्याची सुप्रसिद्ध उघडी गाडी जन्माने उघडी नाहीच.

काकांना विचारलं. त्यांनी चहा संपवला आणि सांगितलं. १९७९ साली लालबागहून हेच कपाट आणायचं होतं. टेम्पोवाला चाळीस रुपये मागत होता. काकांना माहीत होतं की हेराल्डचा टप बोल्टावर असतो. त्यांनी आणि शेजाऱ्याने सकाळी टप काढून शेडमध्ये ठेवला, कपाट मागच्या सीटवर आडवं टाकलं आणि दोरीने बांधून आणलं. येताना माहीमच्या खाडीवर वारा लागला.

“मग?”

“मग काय, छान वाटलं. म्हटलं राहू दे दोन दिवस.”

दोन दिवसांची पंचेचाळीस वर्षं झाली. टप शेडमध्ये होता, तो कधीतरी चाळीतल्या कोणाच्या कोंबड्यांसाठी गेला. हूड काकांनी नंतर ताडपत्रीचं करून घेतलं.

काकू आतून म्हणाली, “चाळीस रुपये वाचवले म्हणून अजून सांगतात. पुढे पाच पावसाळे मी छत्री उघडून गाडीत बसले ते नाही सांगत.”

२५ डिसेंबर, बुधवार

मिस्त्री मिळाले. जोगेश्वरीला गॅरेज, मूळचे साताऱ्याकडचे, सगळे मामा म्हणतात. ऐंशीच्या दशकात फियाट टॅक्सींवर हात बसलेला. आज घरी येऊन त्यांनी गाडीखाली टॉर्च मारला, डालड्याचा पत्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “ताई, ह्यो कुणाचा उद्योग?” मी वर बाल्कनीकडे बोट दाखवलं. मामांनी वर बघून काकांना नमस्कार केला. तो आदराचा होता की कसला, कळलं नाही.

वेल्डिंग मी करणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठरवलं आहे. चॅसिसचं काम शिकाऊ हाताचं नव्हे. पण तयारी मी केली: बॅटरीची वायर काढली, डिकीतली पेट्रोलची टाकी उतरवून आवाराबाहेर ठेवली, गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासला. मामांच्या पोराने सडका भाग कापला, नवा पत्रा वाकवून बसवला. एका वेळी एकच हात, दुसरा बोल्टांनी पक्का असताना, नाहीतर अंग बसकं होऊन दारं लागत नाहीत. टप नसलेल्या गाडीत तर जास्तच. आमचं डावं दार आधीच रुसलेलं आहे. दाराच्या वरच्या फटीत दोन नाणी बसतात, खालच्या फटीत एकही नाही.

आजचा खर्च ६,५०० रुपये. सेक्रेटरींची एक तक्रार: ठिणग्या. जांभळीच्या वाळक्या पानांचा ढीग शेजारीच होता, तेव्हा तक्रार रास्त. पुढच्या वेळी बादलीभर वाळू ठेवायची.

१२ जानेवारी २०२५, रविवार

इंजिन. ९४८ सीसी, चार सिलिंडर, फिरत नव्हतं. तीन आठवडे प्लगच्या भोकांतून डिझेल आणि तेलाचं मिश्रण घालून ठेवलं होतं. आज टॉप गिअर टाकून मी आणि मुलगा गाडी पुढेमागे ढकलत राहिलो. विसाव्या-पंचविसाव्या हेलकाव्याला ‘टक्’ असं काहीतरी झालं आणि पंख्याचा पट्टा बोटभर सरकला. मग हातभर. मुलगा ओरडला. मीही.

मामांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवून दिलं. व्हॉल्व्ह घासायचं काम मी मागून घेतलं. हे वर्णन करून ठेवते, कारण आजवरच्या कामांत सगळ्यात आवडलं ते हे. व्हॉल्व्हच्या कडेला बोटाच्या टोकावर मावेल एवढी खरबरीत पेस्ट लावायची. तोंडाला रबराची वाटी असलेली एक काठी असते, ती व्हॉल्व्हवर चिकटवायची. मग काठी दोन तळव्यांत धरून रवी फिरवावी तशी फिरवायची. ताक घुसळताना करतो तेच, फक्त ताक नाही. मधूनच उचलायचा, थोडा फिरवून पुन्हा टेकवायचा. सुरुवातीला आवाज किरकिरा येतो, हळूहळू मऊ होत जातो. पेस्ट पुसली की कडेला एक राखाडी रिंग दिसते, अखंड, कुठेही न तुटलेली. ती आली की झालं. आठ व्हॉल्व्ह, एकूण तीन तास. काकू बघायला आली आणि सातवा-आठवा तिने केला. तिच्या रिंगा माझ्यापेक्षा चांगल्या आल्या.

थर्मोस्टॅटच्या झाकणाखालचं गॅसकेट जाड कागदाचं निघालं. सोलताना अक्षरं दिसली: ‘…भविवाह’. कोणाच्या तरी पत्रिकेचं कापलेलं. आमच्याच घराण्यातली असणार. कोणाची ते मात्र काकूलाही सांगता येईना.

२ फेब्रुवारी, रविवार

मामांशी वाद. पुढच्या चाकांच्या खाली, जिथे चाक वळतं, तिथे ट्रनियन नावाचा पितळेचा ठोकळा असतो. उभा दांडा त्याच्यात आट्यांनी बसतो आणि स्टिअरिंग फिरवलं की त्या आट्यांवरच फिरतो. मामा ग्रीसगन घेऊन बसले. मी म्हटलं, ग्रीस नको, गिअरचं तेल हवं, ईपी नव्वद. मॅन्युअलात तसंच लिहिलंय.

“ताई, तीस वर्षं ग्रीस मारतोय म्या.”

“याच गाडीला?”

“गाडी ती गाडी.”

मी वर्गात फळ्यावर करते तेच केलं: उदाहरण सोडवून दाखवलं. डावा ट्रनियन उघडला. आत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट, आणि ते फक्त तोंडाशी. खालच्या आट्या कोरड्या, पाणी गेलेलं, गंजाचे खड्डे. ग्रीस तळापर्यंत पोचतच नाही, वर बूच होऊन बसतं. दांडा अशा खड्ड्यापाशी तुटतो आणि चाक आडवं पडतं. रस्त्यावर, चालत्या गाडीचं.

मामांनी दांडा हातात घेतला, अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पोराला म्हणाले, “तेलाची पिचकारी आण.” डावा दांडा बदलावा लागणार. उजवा चालेल.

मागचा भाग जॅकवर उचलला तेव्हा दोन्ही चाकं पोटाखाली आत वळली, मानगुटीला धरून उचललेल्या मांजरीच्या पायांसारखी. घाबरले. पण या गाडीच्या मागच्या धुऱ्या मधल्या गिअरपाशी मोकळ्या हलतात आणि वर एकच आडवा पाटा असतो, त्यामुळे ते तसंच दिसायचं. खाली ठेवली की सरळ होतात. अर्थात वळणावर वेगात ब्रेक मारला तरी ती अशीच वळू शकतात. हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, माहीत आहे. कसं माहीत आहे ते विचारलं नाही.

१६ मार्च, रविवार

दहावीचे पेपर. महिनाभर नोंद नाही.

मधल्या काळात मामांकडून ब्रेकची रबरं बदलून झाली, सामान ऑपेरा हाऊसला मिळालं. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची: त्या काळच्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असतो. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदाही नवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यात जुनं रबर फुगतं आणि विरघळतं. हेराल्डच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या बैठकीला जपायचं. २०००पासून तेही नाही. मामा म्हणतात, हळू चालवलीत तर काही होत नाही. हळूच चालवणार आहे.

रेडिएटर उघडला. आत पिवळा चिखल. हळद! काका म्हणाले, गळती लागली की चमचाभर टाकायचो, थांबायची. थांबत असणारच. अर्ध्या नळ्याच बुजल्या होत्या. रेडिएटरवाल्याने वरची टाकी उकलून एकेक नळी सळईने साफ केली. वास घेऊन म्हणाला, भाजी छान झाली असती. २,८०० रुपये.

या गाडीचं काम म्हणजे गाडीचं कमी आणि काकांचं जास्त आहे. मोडलेलं एकेक सुटं करावं तर खाली त्यांची दुरुस्ती सापडते, आणि प्रत्येक दुरुस्ती त्या दिवशी चाललेली असते. चिडावं तरी कशी.

३० मार्च, रविवार (गुढीपाडवा)

पाडव्याला सुरू करायची असं सगळ्यांचं ठरलं होतं. गाडीचं नव्हतं.

नारळ फुटला, सेल्फ मारला, कार्बोरेटरमधून ‘फाट्’ असा आवाज आणि हातभर ज्वाळ. सेक्रेटरींच्या सौ. श्रीखंडाची वाटी घेऊन उभ्या होत्या त्या चार पावलं मागे गेल्या. वाळूची बादली होती. लागली नाही.

८ एप्रिल, मंगळवार

शाळेतून आल्यावर मामांना घेऊन बसले. प्लगच्या वायरींचा क्रम मी तीनदा तपासला होता: १-३-४-२. ठिणगी होती. पेट्रोल होतं.

मामांनी पहिला प्लग काढला, रेडिएटरच्या बाजूचा. त्याच्या भोकात वर्तमानपत्राचा ओला बोळा हलकेच बसवला. “फिरवा.” मी पंख्याच्या पुलीला पाना लावून इंजिन फिरवत गेले. एक फेरा, काही नाही. दुसऱ्या फेऱ्यात बोळा टप्पकन उडून मामांच्या कपाळाला लागला. “ह्यो बघा. आता दाबतोय.” डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढलं तर आतला हात पहिल्या वायरीकडे नाही, नेमका उलट चौथ्याकडे बघत होता. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. मी खूण जुळवली ती धुराच्या वेळची. तीनशे साठ अंशांनी चुकले होते. गणिताच्या बाईंनी.

दुसरी चूकही सापडली. नवी बॅटरी मी सवयीने बसवली होती, निगेटिव्ह चॅसिसला. या गाडीत पॉझिटिव्ह चॅसिसला जातो. बदललं, डायनॅमोला बॅटरीचा झटका देऊन त्याची दिशा सरळ केली.

सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. आधी तीन सिलिंडरवर, धुराने आवार भरून, मग चौथाही लागला. आवाज शिलाई मशीनसारखा, जरा कफ झालेल्या. काका खाली आले नाहीत. बाल्कनीत उभे होते. नंतर काकू म्हणाली, ऐकण्याचं यंत्र लावायला आत पळाले होते.

२७ एप्रिल, रविवार

दोन गोष्टी, एक कागदाची आणि एक कापडाची.

कागद: गाडीची नोंदणी कधीच संपलेली. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने वेगळे नियम केले. ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट, नव्या नोंदणीचे वीस हजार, दहा वर्षांची मुदत. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, अंग किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आणि एरवीही मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कारखान्याच्या तपशिलात मनाने बदल करता येत नाही. आर.सी. म्हणतं सलून, गाडी म्हणते हवा खा. माझं मत स्पष्ट आहे: टप शोधायचा, बोल्टांनी बसवायचा, मग अर्ज. काहीही कापलेलं नाही, भोकं आहेत तिथेच आहेत. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर दोन चकरा झाल्या. एक टप दिसला तो चार दारांच्या हेराल्डचा, बसत नाही. तोवर गाडी फाटकाबाहेर स्वतःच्या चाकांवर जाणार नाही. काका नाराज आहेत. असोत.

कापड: टप मिळेपर्यंत पाऊस तर थांबत नाही. हूड हवं. गाड्यांच्या सीटकव्हरवाल्यांनी तीस-पस्तीस हजार सांगितले. मामा म्हणाले, “ताई, मुंबईत हूड रोज कोण शिवतं?” जोगेश्वरीला रिक्षांचं हूड शिवणारा आहे, फूटपाथवर मशीन. त्याने येऊन काकांच्या जुन्या लोखंडी कमानी उघडझाप करून पाहिल्या, टेप नाही, दोरीने मापं घेतली, दोरीला गाठी मारल्या. साडेसहा हजार. काळं रेक्झीन, मागे प्लास्टिकची खिडकी. पिवळा पट्टा लावू का म्हणून विचारलं. नको म्हटलं. मुलगा म्हणाला, लाव की.

१८ मे, रविवार

आवारात चालवली.

हेराल्डचं वळण पंचवीस फुटांत बसतं, पुढची चाकं जवळजवळ आडवी होतात. आमचं आवार जांभळीपाशी तीस फूट. काका शेजारी बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिला गिअर, क्लच सोडताना एक गचका, मग जांभळीभोवती एक फेरा, एकदाही मागे न घेता. एवढ्यात वरून पिकलेली जांभळं पडली, दोन बॉनेटवर, एक काकांच्या शर्टावर. काकांनी वर बघितलं.

“टप असता तर वाचलो असतो,” मी म्हटलं.

“टप असता तर वर बघता आलं असतं का?”

दुसऱ्या फेऱ्याला तापमानाचा काटा थोडा चढला. रेडिएटरच्या खालच्या नळीतून थेंब. क्लिप घट्ट केली, थांबला. काका “हळद…” एवढंच म्हणाले. मी नाही म्हटलं.

डावं दार अजून रुसलेलं. बिजागरीखाली एक पातळ पट्टी घालून नाण्यांचा हिशोब बरोबर केला: आता वर एक, खाली एक.

२६ मे, सोमवार

मुंबईत मान्सून आला. नेहमीची तारीख ११ जून, हा सोळा दिवस आधी, आजवरच्या नोंदीत सगळ्यात लवकर. हूड ३० तारखेला मिळणार होतं.

सकाळी सहाला शेडचा पत्रा वाजायला लागला. पुनर्विकासवाल्यांच्या माणसांनी शेडचे दोन पत्रे शनिवारीच उतरवलेले, नेमके गाडीवरचे. ताडपत्री मी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दिलेली, परत आणलेली नाही. आम्ही तिघांनी चादरी, शॉवरचा पडदा आणि काकूचं जुनं मेणकापड घातलं. टीव्हीवर भुयारी मेट्रोच्या स्टेशनात पाणी शिरल्याची दृश्यं, आणि आमच्या हेराल्डमध्ये नव्या पत्र्याच्या जमिनीवर चार बोटं पाणी. जुन्या डालड्याच्या पत्र्याच्या वेळी पाणी निदान खालून निघून तरी जायचं.

अकराच्या सुमारास हूडवाल्याला फोन केला. म्हणाला, आज सगळ्या रिक्षा माझ्याच दारात उभ्या आहेत. पण संध्याकाळी आला, अर्धवट शिवलेलं हूड खांद्यावर टाकून. भर पावसात कमानींवर ताणलं, कडेला सुतळीने हाताने टाके घातले. मी टॉर्च धरला. काका पायरीवर बसून “डावीकडून ओढ, डावीकडून” म्हणत होते. ते बरोबर सांगत होते.

३१ मे, शनिवार

टो गाडी सकाळी आली. मामांच्या गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात महिना तीन हजाराने जागा घेतली आहे. हेराल्ड वरच्या पट्ट्यांवर चढली तेव्हा सेक्रेटरींनी स्वतः दोर धरला. त्यांना पुढच्या सीटवर बसून फोटो हवा होता. काढला.

राहिलेलं: टप (पुण्याच्या बाजूला दोन दारांची एक मेलेली हेराल्ड आहे असं कळलं आहे, जूनमध्ये बघायला जायचं), रंग, मागची सीट, वायपरची मोटर, ‘अनाथ’ पिशवीतले आता उरलेले चार बोल्ट.

हूड उजव्या कोपऱ्यात अजून गळतं. टाक्यांवर मेण घासून झालं, तरी गळतं. सध्या तिथे स्टीलची वाटी ठेवली आहे. मामांच्या पोराला सांगून ठेवलंय, सकाळ-संध्याकाळ ओतायची.